दीडशे कमळं आणि पाऊण तास

आमच्या नाणेसंग्राहक मंडळात एका नाण्याला ‘भांडीवाली’ म्हणतात. वीस पैशांचं जुनं पिवळं नाणं, एका बाजूला कमळ. पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही ते आठवेल. कमळ म्हणजे लक्ष्मीचं आसन, म्हणून लोकांनी ते खर्चायचं सोडून देवघरात ठेवलं, आणि त्यात सोनं मिसळलंय अशी आवई उठल्यावर तर थेट कपाटात. या नाण्याला वर्षानुवर्षं हात लावला नाही की त्याच्यावर तपकिरी, मधासारखी झाक चढते. संग्राहक त्या झाकेसाठी जीव टाकतात. पण काही कमळं बाजारात फिरतात ती लख्ख पिवळी, घासून काढलेली, अंगभर बारीक चरे असलेली. ती भांडीवाली. कुणी नवखा असं नाणं कौतुकाने पुढे करतो आणि शेजारचा हसून म्हणतो, “ठेव रे ती, भांडीवाली आहे.” मग टेबलाभोवतीचे सगळे हसतात.

माझी आई भांडी घासायची. घाटकोपरला एका सोसायटीत चार घरं होती तिची, आणि त्या चार घरांच्या जोरावर मी सायन्सला गेले, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले आणि विक्रोळीत स्वतःच्या नावावर घर घेतलं. तरी मंडळात हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मीसुद्धा सगळ्यांबरोबर हसले, हे आधीच सांगून टाकते. नवीन होते. तीस पुरुषांत आम्ही दोघीच बायका, आणि हसलं नाही तर नाटकी म्हणतील अशी भीती. घरी आल्यावर स्वतःचाच इतका राग आला की त्या दिवशी नाण्यांची पेटी उघडलीच नाही.

पुढे दोन वर्षं मी ऐकून घेतलं. मग मंडळाने ठरवलं, नाण्यांच्या टोपणनावांची छोटी पुस्तिका काढायची. भोकाच्या पैशापासून सुरुवात करून सगळी नावं, प्रत्येकाची चार ओळींची कहाणी. यादीत ‘भांडीवाली’ होतीच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले आणि म्हटलं की हे नाव छापायचं नाही.

“मॅडम, नाणं आहे हो ते,” सेक्रेटरी म्हणाले. “पर्सनली काय घेता?”

“नाव माणसाचं आहे. कुठल्या माणसाचं, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?”

“मग तुम्हीच शोधा ना मूळ. तुमच्याकडे वेळ पण आहे.”

टाळ्या वाजल्या. रिटायर बाईकडे वेळ असतो हा लोकांचा लाडका समज आहे. मला वाटतं, काम दिलं की ही गप्प बसेल असा त्यांचा हिशेब असावा. मी वही काढून त्यांच्यासमोर लिहून घेतलं, आणि पुढच्याच सोमवारी कामाला लागले.

मूळ सापडायला काही फार उन्हातान्हात फिरावं लागलं नाही. घाटकोपर स्टेशनजवळच्या गल्लीत, एका दुकानाच्या जिन्याखाली बसून जुनी नाणी विकणारा एक म्हातारा आहे. त्याला विचारलं तर त्याने पेटीतून तीन भांडीवाल्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याने हा सगळा गठ्ठा एकाच माणसाकडून घेतला होता आणि मग मुंबईभर सुटासुटा विकला. तो माणूस म्हणजे आमच्या मंडळाचे सर. नावही सरांनीच दिलेलं.

सर म्हणजे मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ. रिटायर्ड इंजिनियर, मुलुंडला घर, आवाज असा की ते बोलायला लागले की टेबलावरची नाणीसुद्धा वाजत नाहीत. पुढच्या सभेला चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. त्यांना तर आनंदच झाला. ही गोष्ट त्यांनी अनेकदा सांगितली असणार, कारण कुठे थांबायचं, कुठे हशा येतो, सगळं त्यांचं ठरलेलं होतं.

त्यांनी वर्षानुवर्षं निवडून दीडशे कमळं जमवली होती, सगळी एकाच झाकेची. दिवाळीच्या आधी ते कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परत येऊन पेटी उघडतात तो सगळी पिवळीधमक. घरात भांड्यांना येणाऱ्या बाईने चिंच-मीठ लावून, वर रांगोळीने घासून वाट लावलेली.

“तिला वाटलं असेल, घासलं की आतून सोनं निघेल,” सर म्हणाले. इथे हशा होता. बटाटवडा हातात घेऊन उभे असलेले चारपाच जण हसले.

“मग?”

“मग मोजली तर दोन कमी. वॉचमनला बोलावलं, सगळ्या बिल्डिंगसमोर तिची पिशवी खाली ओतली.”

“काय निघालं?”

“काय निघणार? चपात्या, बांगड्यांचं एक पुडकं, फराळाची पिशवी. ती आमच्याच हिने दिलेली. पण चोर काय चोरी पिशवीत ठेवतो?”

“आणि वहिनी कुठे होत्या तेव्हा, नाणी घासत होती तेव्हा?”

“ही दुपारची झोपते. तेवढ्यात डाव साधला. नाव मात्र झकास चिकटलं ना?”

मी कप खाली ठेवून दिला, नाहीतर चहा त्यांच्या शर्टावर गेला असता.

घरी येऊन मी त्या म्हाताऱ्याकडून आणलेली तीन नाणी भिंगाखाली धरली. आयुष्यभर मायक्रोस्कोपवर बसले आहे. चऱ्यांमध्ये काय दिसतं ते मला कळतं. कमळाच्या प्रत्येक पाकळीभोवती बोट फिरलेलं होतं. अक्षरांच्या खाचा साफ होत्या. कडेच्या बारीक रेघांत एक कण मळ नव्हता, म्हणजे तिथे सुई नाहीतर काडी घातलेली. तिन्ही नाण्यांवर तेच. हे डाव साधून घाईघाईत केलेलं काम नव्हतं. ज्याला बसायला जागा आणि वेळ दिलेला आहे अशा माणसाचं ते काम होतं.

मग मी माझ्याकडचं एक साधं कमळ घेतलं, चिंच भिजवली आणि सिंकपाशी उभी राहिले. तितकं साफ व्हायला चार मिनिटं लागली. माझा हात सवयीचा आहे, आईबरोबर मे महिन्याच्या सुट्टीत मी कमी भांडी घासलेली नाहीत. चार मिनिटं गुणिले दीडशे म्हणजे दहा तास. आणि भांड्यांची बाई एका घरात किती वेळ असते? आईचं गणित मला पाठ होतं. एका घरात पाऊण तास, जिन्यात पाच मिनिटं. त्याहून जास्त एखाद्या घरी थांबली की पुढच्या घरातली बाई ग्रिलमधून हाका मारायला लागायची. पाऊण तासात येऊन, भांडी घासून, वर दहा तासांचं काम कुणाच्या नकळत करून जाणारी बाई मला तरी कधी भेटलेली नाही.

मला सगळ्यांत जास्त चीड आली ती याची. वर्षाच्या आकड्याखालचा ठिपका बघून नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारे हे लोक. एकेका अक्षराच्या जाडीवरून तासन् तास भांडणारे. पंचवीस वर्षं ही गोष्ट ऐकून हसले आणि एकालाही हा गुणाकार करावासा वाटला नाही. वाटणार कसा? त्यांच्यातल्या एकानेही कधी पितळेचा तांब्या घासलेला नाही. भांडी आपोआप स्वच्छ होतात आणि फळीवर जाऊन बसतात, अशीच त्यांची समजूत.

त्या बाईला शोधायला मला तीन दिवस लागले. सरांच्या सोसायटीत आता कामाला येणाऱ्या बायका साडेअकराला गेटबाहेर चहाच्या टपरीवर जमतात. तिथे उभी राहिले, मीही भांडी घासणाऱ्या बाईचीच मुलगी आहे ते सांगितलं आणि विचारलं. दुसऱ्या दिवशी एकीने मामेबहिणीकडून पत्ता आणून दिला. ती आता दहिसरला राहत होती, नदीच्या अंगाला, लेकीकडे.

सत्तरीच्या पुढची, किडकिडीत. तिने मला कोकम सरबत दिलं आणि समोर बसली. मूळची मालवणकडची, मुंबईत आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलताना दोन्ही भाषा एकमेकींत मिसळायच्या. मी नाण्यांचं नाव काढलं तशी तिने उठून आधी दार लोटून घेतलं.

“मावशी, घासली कुणी?” मी विचारलं.

“मीच. पण वयनीनच डबो काढून दिल्यान. म्हणाली, लक्ष्मीपूजनाला मांडायची आहेत, चकचकीत कर. तीन दुपारी मला थांबवून घेतलं तिने. माका काय ठाऊक, नाणी घासूची नसतत? पितळ म्हटलं की घासायचं.”

“आणि तिला तरी ठाऊक होतं का?”

“तिला कोण सांगणार? नवरा त्या पेटीला हात लावू द्यायचा नाय. तो गावाला गेला म्हणून हौसेने काढली तिने.”

“मग पिशवी ओतली तेव्हा तुम्ही का नाही सांगितलं?”

तिने लोटलेल्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली की वर नवऱ्याचा आरडाओरडा चालू असताना वहिनी तिला आधी जिन्यात गाठून गेली होती. हात धरून रडली होती. म्हणाली, माझं नाव सांगू नकोस गं, मला भावाकडे नेऊन सोडेल आणि परत आणणार नाही. मावशीने गळ्याची शपथ घेतली. आणि मग खाली सगळ्या बिल्डिंगसमोर उभी राहून, पायाशी सांडलेल्या चपात्या बघत, ती ऐकत राहिली.

त्याच आठवड्यात तिची त्या बिल्डिंगमधली बाकी दोन घरंही गेली. चोरट्या बाईला कोण ठेवणार? मुलुंड सुटलं, बहिणीच्या आसऱ्याने दहिसरला आली, पुन्हा पहिल्यापासून घरं धरली.

मी म्हटलं, “मावशी, हे मी छापणार.”

“नाय. शब्द दिलाय.”

आता मला तिचाच राग आला. मी बरंच बोलले. जिला शब्द दिला तिने पंचवीस वर्षांत तुमची साधी चौकशी केली नाही, म्हटलं. तुमच्यावरून नाण्यांना नाव ठेवून ते लोक बाजारात विकतात, म्हटलं. हे तिला माहीत नव्हतं. मी बोलून गेले आणि जीभ चावली.

“माझ्यावरून? काय म्हणतात?”

“भांडीवाली.”

तिने जरा विचार केला. “तसं तर सगळेच म्हणायचे,” ती म्हणाली, आणि माझा ग्लास उचलून आत घेऊन गेली.

तिचा शब्द मी मोडणार नव्हते. पण मी स्वतः कुणाला कसलाही शब्द दिलेला नव्हता, आणि गुणाकार माझा होता. मी पुस्तिकेसाठी चार ओळी लिहिल्या. एवढंच लिहिलं, की या नाण्यांवरचे चरे बघता एका नाण्याला चार मिनिटं लागली असावीत. नाणी दीडशे, म्हणजे दहा तास. त्या घरी बाई रोज पाऊण तास येत असे. तेव्हा तिला पेटी कुणी दिली आणि वेळ कुणी दिला, हे या नावाच्या कहाणीत सांगितलेलं नाही. बस.

हा मजकूर घेऊन मी मुलुंडला सरांच्या घरी गेले. छापायच्या आधी त्यांना दाखवणं रीतसर होतं. वहिनी जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. गोऱ्या, जाड चष्मा, मला बघून हसल्या. त्यांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला त्या आल्या नव्हत्या.

सरांनी चष्मा शोधायला सुरुवात केली, तेव्हा मी म्हटलं, “राहू द्या, मी वाचते.” आणि खणखणीत आवाजात वाचलं.

“हा काय चावटपणा आहे?” सर म्हणाले. “पेटी कुणी दिली म्हणजे? तुम्ही माझ्या घरात येऊन काय सुचवताय?”

“मी सुचवत नाही सर. भागाकार-गुणाकार आहे. चुकला असेल तर दाखवा.”

“ती बाई चोर होती. दोन नाणी गेली माझी.”

वाल सोलायचा तो बारीक आवाज असतो, चिमटीतून दाणा सुटताना होणारा, तो थांबला होता.

“देवीच्या चौरंगाखाली होती ती दोन,” वहिनी म्हणाल्या. “मी ठेवलेली. पेटी पण मीच दिली होती तिला.”

सरांनी वळून बघितलं. “तू?”

“मी. घासायचं नसतं हे कधी सांगितलंत मला? तुमच्या त्या पेट्यांत काय असतं ते लग्न झाल्यापासून मला कधी दाखवलं नाहीत. मला वाटलं, कमळं आहेत, लक्ष्मीपुढे मांडू.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तिला जे बोललात ते ऐकलं ना मी. म्हणून नाही बोलले.”

मला वाटलं, आता काहीतरी होणार. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते, मध्ये पडायची वेळ आली तर पडायचं म्हणून. सर उठले. त्यांनी चपला घातल्या आणि खाली गेले. वहिनींनी मला विचारलं की ती आहे का अजून. मी दहिसरचं सांगितलं. त्या रडायला लागल्या, आणि खरं सांगते, मला त्यांची दया येत होती तरी मी जागची हलले नाही. दोन नाणी चौरंगाखाली आहेत हे ठाऊक असताना या बाईने दुसरीची पिशवी रस्त्यावर ओतू दिली होती. रडायला पंचवीस वर्षं होती की त्यांच्याकडे.

अर्ध्या तासाने सर वर आले. पंखा वाढवला, बसले, आणि म्हणाले, “चहा टाक गं जरा.” वहिनी डोळे पुसून उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. दोन घोट घेतल्यावर सर मला म्हणाले की छापायचं तर छापा, फक्त त्यांचा उल्लेख नको. एवढंच. एका बाईचं जिणं उधळून लावलं त्याचं त्यांच्याकडून इतकंच निघालं.

मंडळातही थोडी कुरकुर झाली. हे नाण्यांचं पुस्तक आहे, बायकांच्या कामाच्या वेळा कशाला, अशी एकाने अक्कल पाजळली. मी म्हटलं, मग पुस्तिकेतली माझी सगळी पानं काढा. ती काढली तर पुस्तिकेत फारसं काही उरत नव्हतं. माझ्या चार ओळींना आता दोन ओळी जोडल्या, पेटी घरच्या मालकिणीने दिली होती आणि एकही नाणं चोरीला गेलं नव्हतं. वहिनींनी त्या फोनवर ऐकून घेतल्या आणि हो म्हणाल्या.

पुस्तिका हातात पडल्यावर मी दहिसरला गेले. मावशीला पान उघडून वाचून दाखवलं. शब्द तुम्ही मोडलेला नाही, मीही नाही, त्या स्वतःहून बोलल्या, हे दोनदा सांगितलं. मी पेढेही नेले होते. माझी अपेक्षा होती की ती निदान एकदा ताठ बसेल, निदान त्या लोकांना एक शिवी घालेल. मी तर वाटेत तिच्या वतीने चारपाच तयार ठेवल्या होत्या.

तिने पुस्तिका बंद केली आणि विचारलं, “तिका काय बोलला काय गो तो?”

“नाही.”

“हात उचलला?”

“नाही हो. खाली गेले, फिरून आले, चहा मागितला.”

“भावाकडे नाय पाठवली?”

“नाही मावशी. काही म्हणजे काही केलं नाही.”

ती खिडकीतून बाहेर बघत होती. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, शेवटी ती सुरू झाली.

“मग तेव्हा पण काय केलं नसतं त्याने,” ती म्हणाली.